आधी परवाना, मग गळ

सुट्टीत कुलू-मनालीला निघालेल्या हौशी मंडळींनी तीर्थन नदी जरूर पाहावी. मंडीकडून येताना ओटच्या बोगद्याआधी बंजारकडे वळले, की तिचे खोरे लागते. इंग्रजांनी आणलेला ट्राउट मासा इथल्या थंडगार, वाहत्या पाण्यात चांगलाच रुळला आहे. वाटाड्याला आगाऊ पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: मत्स्य विभागाचा परवाना कोण काढणार, गळ-दोरी त्याच पैशांत मिळणार का आणि पकडलेला मासा परत सोडायचा का? १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. तो अंडी घालण्याचा हंगाम. तेव्हा ‘चालतं हो, कोण बघतंय’ म्हणणारा वाटाड्या स्वस्तात मिळाला तरी नको. पुढच्या वर्षांचे मासे त्या अंड्यांतच असतात.