मनोरुग्ण बंदी आणि उपचारांचा ताळेबंद

भंडाऱ्याच्या कारागृहातील एखाद्या न्यायाधीन बंद्याच्या चित्तस्वास्थ्याविषयी न्यायालयास शंका आली आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या तपासणीनंतर दीर्घ निरीक्षणाची निकड भासली, तर पोलीस बंदोबस्तात त्याची रवानगी सामान्यतः नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे होते. परंतु रवानगी म्हणजे उपचार नव्हेत. आसामच्या मचांग लालुंग यास १९५१ साली अटक होऊन तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ मध्ये तो बरा झाल्याचा निर्वाळा मिळूनही त्याची सुटका २००५ साली झाली. वैद्यकाने आपले काम केले होते. चुकले ते दप्तर.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ ने प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापनेची तजवीज बंधनकारक केली, हे उचितच. तथापि केवळ खाटा मोजून उपचारांचे मोल ठरत नाही. आपल्यावरील आरोप समजून वकिलास कैफियत सांगण्याइतके भान बंद्यास किती अवधीत आले, त्याला जखडून ठेवण्याचे प्रसंग घटले काय, कारागृहात परतल्यावर त्याच्या गोळ्यांत खंड पडला काय, आणि मुक्ततेनंतर गावी त्याचा पाठपुरावा कोणी केला, या प्रश्नांची लेखी उत्तरे हाच खरा ताळेबंद होय. कारागृह अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांनी दरमहा एकत्र बसून प्रत्येक प्रकरण तपासावे आणि त्याचा अहवाल पुढील तारखेपूर्वी न्यायालयात रुजू करावा. यास नव्या इमारतीची नव्हे, केवळ कर्तव्यबुद्धीची आवश्यकता आहे.