पानफुटीचं एक पान

अंधेरी-घाटकोपरच्या नर्सऱ्यांत बोटभर सक्युलंट रंगीत कपात लावून भेट म्हणून विकतात. कपाला भोक नसतं. जुलैच्या दमट हवेत मुळं कुजतात आणि आपण म्हणतो, आमच्या हाताला झाडच लागत नाही.

शाळेत मुलांना रोपं वाटायचीच असतील तर पानफुटी वाटावी, असं माझं मत आहे. तीही मूळची मादागास्करची, पण आता आपलीच झालेली. पान ओलसर मातीवर ठेवलं की कडेच्या खाचांतून रोपं फुटतात. खर्च काही नाही. भोकाचा डबा, रेती मिसळलेली माती, खिडकीतला उजेड आणि माती सुकल्यावरच पाणी. दहा बाय दहाच्या खोलीतही हे जमतं.

हिची पानं सकाळी आंबट, दुपारी बेचव लागतात, असं बेंजामिन हेन यांनी १८१५ साली छापलेल्या टिपणात नोंदवलं. रात्री हवा आत घेऊन ती आम्ल साठवते, दिवसा छिद्रं मिटून पाणी वाचवते. मुलांना मात्र चाखायला सांगू नका.

अरबीत धीराला 'सब्र' म्हणतात. कोरफडीचं नाव त्याच धातूतलं. आपली 'सबुरी'ही तिथलीच. माया म्हणजे रोज पाणी ओतणं नव्हे, हे आमच्या फळ्यापेक्षा ते पान मुलांना लवकर शिकवेल.