अकरा गाण्यांचा आरसा

शिइना रिंगो या जपानी गायिकेचा 'कारुकी झामेन कुरी नो हाना' हा २००३ सालीं प्रसिद्ध झालेला तिसरा स्वतंत्र गीतसंग्रह आम्हांस अतिशय प्रिय आहे. त्यांत अकरा गाणीं असून एकूण कालावधि नेमका ४४ मिनिटें ४४ सेकंद आहे. पहिलें व अकरावें, दुसरें व दहावें, अशा जोड्यांचीं नांवें लिपि व अक्षरसंख्या यांनीं तंतोतंत जुळविलेलीं असून मध्यें सहावें 'कुकी', म्हणजे देंठ, एकटेंच उभें आहे.

हें पाहून भारवि व माघ यांचे गतप्रत्यागत श्लोक आठवतात. परंतु मम्मटानें चित्रकाव्यास शेवटची पायरी दिली, कारण त्यांत व्यंग्यार्थ नसतो. तोच आक्षेप येथें घ्यावा काय? आमच्या मतें नाहीं. आरंभींच्या गाण्याचें नांव 'धर्म' व अखेरच्याचें 'प्रेतयात्रा'. म्हणजे जुळणी अक्षरांवरच न थांबतां अर्थापर्यंत पोंचते. शिवाय मांडणी कितीही मोजलेली असली, तरी गायिकेचा खरखरीत, मध्येंच उसळणारा आवाज कोणत्याच मापांत मावत नाहीं.

हल्लीं एकेक गाणें सुटें निवडून ऐकण्याची रीत पडली आहे. हा संग्रह मात्र रसिकांनीं क्रमानें व एका बैठकींतच ऐकावा; एरवीं आरसा फुटून हातीं केवळ तुकडे येतील.