साथीत डोळ्यांचे दवाखाने बंद पडू नयेत

दोन माणसांत सहा फुटांचे अंतर राखावे, हा नियम करोनाच्या साथीने घराघरांत पोहोचवला. डोळ्यांच्या दवाखान्यात तो पाळणेच अशक्य असते. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर रुग्ण हनुवटी टेकवतो, पलीकडून डॉक्टर भिंगातून पाहतात आणि दोघांच्या चेहऱ्यांत फार तर वीत-दोन विती अंतर उरते. डॉक्टर पापणी बोटाने वर करतात, डोळ्यात औषध टाकतात, डोळ्याचा दाब मोजतात. वुहानमध्ये नव्या विषाणूची सूचना सहकाऱ्यांना देणारे आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच आजाराने मरण पावलेले डॉ. ली वेनलियांग हे नेत्रतज्ज्ञच होते. काचबिंदूच्या एका रुग्णाकडून त्यांना संसर्ग झाला असावा, असे तेव्हा सांगितले गेले. त्या रुग्णाला कोणतीही लक्षणे नव्हती.

त्यामुळे मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा डोळ्यांचे दवाखाने बंद झाले याचे कोणाला नवल वाटले नाही. त्या दिवसांतील १,२६० भारतीय नेत्रतज्ज्ञांची पाहणी ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के डॉक्टर एकही रुग्ण तपासत नव्हते. जे तपासत होते, त्यांच्यातील बहुतेक जण फक्त तातडीचे रुग्ण घेत होते आणि तातडीचे कोण, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. ‘डोळ्याचे काय, चार महिने थांबेल’ ही समजूत रुग्णांत होती, प्रशासनात होती आणि काही प्रमाणात वैद्यकीय क्षेत्रातही होती. या समजुतीचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही.

तो मांडायचा तर पुसदसारख्या गावातून मांडावा. पुसद हे तालुक्याचे ठिकाण असले तरी डोळ्यांच्या उपचारांसाठी त्याचा पसारा मोठा आहे. महागाव, उमरखेड, दिग्रस या भागांतील माणसे, आजूबाजूच्या तांड्यांवरची आणि खेड्यांतली म्हातारी मंडळी येथील दवाखान्यांवर विसंबून असतात. त्यापुढचा मोठा उपचार हवा तर यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटर दूर. सेवाग्राम आणि नागपूर त्याच्याही पलीकडे. टाळेबंदीच्या वेळी गावाला रेल्वे नव्हती, आधार एसटीचाच होता आणि जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी २० ऑगस्ट २०२० पर्यंत सुरू झाली नाही. म्हणजे गावातला दवाखाना बंद असेल, तर जवळजवळ पाच महिने गरीब रुग्णाला जिल्ह्याबाहेरचा दरवाजाच नव्हता.

सगळेच डोळ्यांचे आजार घाईचे नसतात, हे खरे. चष्म्याचा नंबर थांबू शकतो. साधा मोतीबिंदूही काही महिने थांबतो. पण ‘काही महिने’ वाढत गेले की तोही बिघडतो. अतिपिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब वाढतो, डोळा दुखू लागतो आणि साधी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. देशात साथीपूर्वी वर्षाला साठ लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया होत. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीनुसार पन्नाशीपुढच्या माणसांतील अंधत्वाचे सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदूच आहे. अशा आजाराच्या शस्त्रक्रिया एखादे वर्ष रखडल्या की त्याचा अर्थ होतो घरात चाचपडत फिरणारी आजी, पडून मोडलेला खुबा आणि तिला सांभाळण्यासाठी मजुरी सोडून घरी बसलेली सून.

काचबिंदूचे तसे नाही, तो अजिबात थांबत नाही. त्यात बाजूची नजर आधी जाते, दुखत काहीच नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. अशा रुग्णाला रोजचे थेंब चुकवता येत नाहीत. दवाखाना बंद, चिठ्ठी जुनी आणि गावातल्या दुकानात ते औषध नाही, एवढ्यावरून डोळा कायमचा अधू होऊ शकतो. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर सूज आलेल्यांना ठराविक अंतराने इंजेक्शने घ्यावी लागतात, त्यांचेही तसेच. सर्वांत कमी वेळ असतो तो अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. ती तपासणी हुकली आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर बाळ जन्मभरासाठी आंधळे होऊ शकते. बाळाच्या पडद्याला टाळेबंदी ठाऊक नसते.

यवतमाळ जिल्ह्याला आणखी एक पदर आहे, तो शेतीचा. टाळेबंदीतून शेतीची कामे वगळली होती आणि ते योग्यच होते. २०२० चा खरीप हंगाम ठरल्या वेळी आला. पेरणी झाली, फवारणी झाली, सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणीही झाली. कापणीत धसकट किंवा पातीचे टोक डोळ्याला लागते, बुबुळावर बारीक जखम होते आणि तिच्यात बुरशी शिरते. पहिल्या एक-दोन दिवसांत योग्य औषध मिळाले तर डोळा वाचतो. उशीर झाला किंवा दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकले, तर बुबुळावर पांढरे फूल पडते आणि नजर जाते. फवारणीचा धोका तर या जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिला. तेव्हाच्या विषबाधेत शेतकरी, शेतमजूर दगावले आणि अनेकांच्या डोळ्यांनाही त्रास झाला. शेती चालू, जखमा चालू आणि डोळ्यांचे दवाखाने बंद, हा विसंवाद कोणत्याच नियोजनात दिसला नव्हता.

मग २०२१ उजाडले. फेब्रुवारीत राज्यात सर्वांत आधी निर्बंध परतले ते यवतमाळ, अमरावती, अकोला या पट्ट्यात. दुसरी लाट ओसरू लागली तसा म्युकरमायकोसिस वाढला. करोना, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर या तिन्हींच्या संगतीने ही बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि डोळ्यातून मेंदूकडे सरकत होती. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास सांगितले. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाईक शहरोशहरी फिरत होते. जीव वाचवण्यासाठी अनेकांचा डोळा काढावा लागला. गालाचा एका बाजूचा बधिरपणा, नाकातून काळसर स्राव, एका डोळ्याची सूज, पापणी मिटलेली राहणे, एकाचे दोन दिसणे ही लक्षणे वेळेत ओळखण्याची गरज होती आणि त्यासाठी डोळ्यांचा डॉक्टर लागत होता. वर्षभरापूर्वी ज्यांचे काम ‘थांबण्यासारखे’ ठरले होते, तेच आता पहिल्या फळीत उभे होते.

या अनुभवातून धडा एकच निघतो. साथीत डोळ्यांचा दवाखाना सरसकट उघडा ठेवणे धोक्याचे, पण सरसकट बंद करणे त्याहून महाग. निवड करून चालू ठेवणे हाच मार्ग आहे. तो कसा चालतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच करून दाखवले. स्लिट लॅम्पला प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा बसवला गेला. हवेचा झोत मारून दाब मोजणारे यंत्र बाजूला ठेवावे, डोळ्याला टेकणारे प्रत्येक उपकरण दर रुग्णानंतर निर्जंतुक करावे, अशा सूचना निघाल्या. रुग्णाला आधी फोनवर चार प्रश्न विचारून वेळ दिली जाऊ लागली. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. फोनच्या कॅमेऱ्यात लालसर डोळा, सूज, पापणीची गाठ दिसते. डोळ्याचा दाब आणि आतला पडदा दिसत नाही. म्हणून कोणाला घरी ठेवायचे आणि कोणाला लगेच बोलवायचे, एवढे ठरवण्यासाठी फोन उत्तम. त्यापुढे दवाखानाच हवा.

आणि दवाखाना टिकायचा तर त्याचा हिशेब जमला पाहिजे. तालुक्याच्या गावातला नेत्रतज्ज्ञ शस्त्रक्रियेचे यंत्र बहुधा कर्ज काढून घेतो. जागेचे भाडे, नोंदणी सांभाळणारी मुलगी, चष्मे तपासणारा तंत्रज्ञ, वीजबिल यांपैकी काहीही टाळेबंदीत थांबत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, पण व्याज चालूच होते. सरकारी हमीची तातडीची कर्जयोजना मे महिन्यात आली आणि डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना त्यांनी व्यवसायासाठी घेतलेल्या वैयक्तिक कर्जांवर तिचा लाभ मिळायला ऑगस्ट उजाडला. खासगी डॉक्टरला सरकारने मदत का करावी, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर साधे आहे. गावातला एक दवाखाना कायमचा बंद झाला की त्याचा खर्च रुग्ण भरतो, शंभर किलोमीटरचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी देऊन.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही, तयारी लागते. साथ जाहीर होताच डोळ्यांच्या कोणत्या तक्रारी तातडीच्या, याची एक पानाची मराठी यादी जिल्हा प्रशासनाने प्रत्येक आशा स्वयंसेविकेच्या हाती द्यावी. एकाएकी नजर जाणे, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटणे, डोळ्याला मार किंवा औषधाचा फवारा लागणे, डोके दुखून उलट्यांसह डोळा लाल होणे आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ, एवढे तिच्यात असले तरी पुरे. ही यादी दाखवणाऱ्या रुग्णाला नाक्यावर अडवू नये आणि त्याला वाहन मिळावे. उपजिल्हा रुग्णालय, शासकीय नेत्रचिकित्सा अधिकारी आणि गावातील खासगी नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून पाळी लावावी, म्हणजे रोज कोणीतरी एक दरवाजा उघडा राहील आणि एक डॉक्टर आजारी पडला तर दुसरा असेल. काचबिंदूच्या रुग्णांची नावे आधीच नोंदवून त्यांना तीन महिन्यांचे थेंब एकदम द्यावेत. मास्क, हातमोजे आणि लसीच्या पहिल्या यादीत डोळ्यांच्या दवाखान्यातील कर्मचारीही असावेत, कारण रुग्णाच्या श्वासाइतके जवळ तेच बसतात. तातडीच्या कर्जाची सवलत छोट्या दवाखान्यांना पहिल्या दिवसापासून मिळावी, पाचव्या महिन्यापासून नव्हे.

पुढची साथ श्वसनाचीच असेल असेही नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा यवतमाळच्याच विभागातील बुलढाणा जिल्ह्यात रुग्ण सर्वाधिक होते. त्या साथीत डोळ्यांच्या दवाखान्याची प्रतीक्षा खोलीच संसर्गाची जागा होऊ शकत होती. लाल डोळ्यांच्या रुग्णांची वेगळी रांग, दाराशी हात धुण्याची सोय, फोनवर आधी चौकशी या करोनात शिकलेल्या सवयी तेव्हाही तितक्याच उपयोगी होत्या. बऱ्याच ठिकाणी त्या तोवर विसरल्या गेल्या होत्या.

तहान लागल्यावर विहीर खोदण्याची सवय विदर्भाला परवडणारी नाही, हे पाण्याबाबत येथे कोणाला सांगावे लागत नाही. डोळ्यांबाबतही तेच आहे. साथ नसलेल्या आजच्या दिवसांत ती एक पानाची यादी लिहून झाली, पाळीपत्रक ठरले आणि काचबिंदूच्या रुग्णांची वही तयार झाली, तर पुढच्या वेळी पुसदच्या तांड्यावरच्या आजीला आणि तिच्या अपुऱ्या दिवसांच्या नातवाला एसटी सुरू होण्याची वाट पाहावी लागणार नाही.