भाड्याच्या गोदामातला कचरा कोणाचा?

मुळजी जेठा मार्केटातला जुना कापड व्यापारी गठ्ठा सोडल्यावर काहीच फेकत नसे. बारदान, सुतळी, पुठ्ठा यांचे गिऱ्हाईक ठरलेले. चिंध्या पानिपतपर्यंत जात आणि त्यांचे सूत, ब्लँकेट होई. भाव आजही मिळतो, पण माल वेगळा ठेवला तर!

१९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आता मुंबईत घरे लहान पडतात म्हणून सामान ठेवायला भाड्याच्या खोल्या देण्याचा धंदा निघाला आहे. धंदा चांगला आहे. मात्र गिऱ्हाईक सामान नेते आणि खोकी, फुग्यांचे प्लास्टिक, फाटकी गादी मागे सोडते. हे सारे एकाच ढिगात जाते. पुठ्ठ्यावर चहा सांडला की त्याचा भाव गेला.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. पण नुसत्या नियमाने काय होते? भाडेचिठ्ठीतच कलम हवे. धड खोकी मालकाने पुढच्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दरात द्यावीत.

खरी अडचण गादीची. कापसाची असेल तर पिंजारी पुन्हा पिंजून देतो. फोमची मात्र उचलायलाच पैसे लागतात. ते अनामतीतून कापावेत.