उष्णतेचा द्राविडी प्राणायाम

ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. ती केवळ रूप बदलते. शालेय पुस्तकातील हा सिद्धान्त सुशिक्षित समाजाला तोंडपाठ असतो. त्याच्या जोडीचा दुसरा नियम मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. प्रत्येक रूपांतरात ऊर्जेचा काही अंश निरुपयोगी उष्णता होऊन विखुरतो आणि पुन्हा हाती लागत नाही. या विस्मरणाचे स्मारक शहरी मध्यमवर्गाच्या न्हाणीघरात टांगलेले आहे. त्याचे नाव विजेचा गिझर!

राज्यातील बहुतांश वीज आजही कोळशापासून तयार होते. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक केंद्राचेच उदाहरण घ्यावे. कोळशातील रासायनिक ऊर्जेची प्रथम उष्णता होते. उष्णतेने वाफ, वाफेने जनित्राला गती आणि गतीपासून वीज. या प्रवासात कोळशातील सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा वाया जाते. उरलेल्या विजेपैकी काही वाटा वाटेतील तारा तापवण्यात खर्ची पडतो. एवढ्या सायासाने घरी आलेल्या विजेचे गिझर काय करतो? पुन्हा उष्णता! आजीच्या काळचा तांब्याचा बंब हेच काम एका रूपांतरात करीत असे. त्याचा धूर कोणालाही परत नको आहे. पण धूर संपलेला नाही, तो केवळ दुसऱ्याच्या अंगणात गेला आहे.

हिशेब साधा आहे. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. म्हणजे वीजकेंद्रात जवळजवळ अर्धा किलो कोळसा. चौघांच्या कुटुंबाला रोज दोन किलो! भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४० टक्के असते. स्नान पुण्यात होते आणि अर्ध्या किलोहून अधिक राख वीजकेंद्राच्या परिसरातील रहिवाशांच्या पदरी पडते. याला शुचिर्भूत होणे म्हणावे काय?

गिझरवरील पाच तारे हे धर्मराजाच्या अर्धसत्यासारखे आहेत. टाकीतील उष्णता किती टिकते एवढेच ते सांगतात. वीजकेंद्रात काय गमावले, याविषयी मौन बाळगतात.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे छपरांवर सौरवीज येत आहे, हे स्वागतार्हच. परंतु त्या विजेनेही पाणी तापवणे शहाणपणाचे नाही. सौरवीज पट्टी उन्हातील साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलते. सौर बंब मात्र जवळजवळ निम्मे ऊन थेट पाण्यात उतरवतो.

पावसाळ्यात सौर बंब चालत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्या दिवसांत गॅस किंवा वीज अवश्य वापरावी. पण चार महिन्यांच्या ढगांसाठी आठ महिन्यांचे ऊन नाकारणे हा कोणता न्याय? अनेक इमारतींच्या गच्चीवर नियमापुरते बसवलेले सौर बंब दुरुस्तीअभावी गंजत पडले आहेत. प्रवेशद्वाराच्या सुशोभनाला सभासद वर्गणी देतात. बंबाच्या गळक्या नळीसाठी मात्र ठराव होत नाही.

दिवा, पंखा, यंत्र, संगणक यांना विजेवाचून गत्यंतर नाही. पाण्याला आहे. राष्ट्राच्या ऊर्जास्वावलंबनावर व्याख्याने ऐकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने सोसायटीच्या पुढील सभेत गच्चीवरील बंबाचा विषय मांडावा. स्वावलंबनाची खरी कसोटी व्यासपीठावर नव्हे, न्हाणीघरात लागणार आहे.