यमकाचें सोंवळें

गेल्या परीक्षेनंतर आमची एक विद्यार्थिनी आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन आमच्याकडे आली. प्रश्न शेक्सपिअरच्या ११६ व्या सुनीतावर होता. त्या सुनीताचे शेवटचे दोन चरण ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘लव्ह्ड’ या शब्दांनीं संपतात. मुलीनें लिहिलें होतें कीं, ही जोडी आज आपल्या कानांस जुळत नसली तरी कवीच्या काळीं ती जुळत असावी. म्हणून तिला दोष म्हणण्यापूर्वीं विचार केला पाहिजे. परीक्षकांनीं या वाक्याखालीं तांबडी रेघ ओढून ‘यमकदोष उघड आहे’ अशा अर्थाचा शेरा मारला होता आणि गुण कापले होते. “सर, माझें चुकलें कोठें?” असें तिनें विचारलें. आम्हीं उत्तरपत्रिका दोनदां वाचली. तिचें कोठेंच चुकलें नव्हतें.

गेलेले गुण परत मिळत नाहींत, आणि आमचें भांडण त्या गुणांसाठीं नाहीं. त्या तांबड्या रेघेमागें जी समजूत उभी आहे तिच्याशीं तें आहे. यमक एक तर शुद्ध असतें, नाहीं तर अशुद्ध. शुद्ध तें सोंवळ्यांतलें आणि बाकीचें विटाळलेलें. चांगल्या कवीनें त्याला शिवूं नये, अशी ती समजूत आहे. आमच्या महाविद्यालयांतून आणि बाजारांतल्या मार्गदर्शक पुस्तकांतून ती वर्षानुवर्षें शिकविली जाते. ती खोटी आहे, आणि कविता ऐकण्याची मुलांची शक्ति ती मारून टाकते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम शुद्ध यमक म्हणजे काय तें पाहूं. आघात पडलेला स्वर व त्यापुढील सर्व ध्वनि सारखे असावेत, आणि त्या स्वरामागील व्यंजन मात्र वेगळें असावें, हा इंग्रजीचा नियम. या नियमानें ‘लव्ह’ या नित्याच्या शब्दाला सोबती किती मिळतात? ‘डव्ह’ म्हणजे पारवा, ‘ग्लव्ह’ म्हणजे हातमोजा, ‘अबव्ह’ म्हणजे वर, आणि ‘शव्ह’ म्हणजे ढकलणें. अमेरिकन उच्चारांत ‘ऑव्ह’ हा संबंध दाखविणारा चिमुकला शब्दहि या पंक्तींत येऊन बसतो. नेहमींच्या वापरांतले शब्द येथें संपले. ज्या शब्दावांचून इंग्रजी भावगीताचें पान हालत नाहीं, त्याच्या पंक्तीला एवढेच पाहुणे! म्हणून प्रेमाची गोष्ट निघाली कीं पारवा उडालाच, हातमोजा गळालाच, आणि नायकाची दृष्टि वर आकाशाकडे लागलीच. यांत नायकाच्या हृदयाचा दोष नाहीं. शब्दसंग्रहाच्या दारिद्र्याचा आहे.

हें दारिद्र्य नवें नाहीं. चौदाव्या शतकांतील चॉसरनें ‘व्हीनसची तक्रार’ या काव्यांत एका फ्रेंच कवीची रचना इंग्रजींत आणली, तेव्हां शेवटीं त्यानें आपल्या भाषेंत यमकांचा दुष्काळ आहे असें गाऱ्हाणें केलें. इटालियन कवीची गोष्ट निराळी. त्याच्या ‘आमोरे’ला, म्हणजे प्रेमाला, ‘कुओरे’ हें हृदय, ‘फिओरे’ हें फूल आणि ‘दोलोरे’ हें दुःख घरचेंच सोबती आहेत. आमच्या ‘प्रेम’ शब्दालाहि मूळ रूपांत ‘नेम’, ‘क्षेम’, ‘हेम’ असे थोडेच जोडीदार. परंतु आम्हांस विभक्तीचा आधार आहे. ‘प्रेमाचा’ म्हटलें कीं ‘नामाचा’, ‘कामाचा’, ‘धामाचा’ हे दारांत रांग लावून उभे राहतात. इंग्रजीनें आपले जुने प्रत्यय बहुतेक झाडून टाकले, त्यामुळें तिच्या शब्दाला स्वतःच्या उघड्या अंगावरच यमक शोधावें लागतें. हा फरक ध्यानांत न घेतां आमच्या घरच्या मापानें शेजारणीचें लुगडें मोजणें न्यायाचें नव्हे.

आतां ‘मूव्ह’, ‘प्रूव्ह’ आणि ‘ग्रोव्ह’ या शब्दांकडे वळूं. लिहितांना हे ‘लव्ह’चे सख्खे भाऊ दिसतात, बोलतांना नातें तुटतें. असें कां व्हावें? ‘लव्ह’चें प्राचीन रूप ‘लुफु’ असें होतें आणि त्यांत ऱ्हस्व उकार होता. मध्ययुगांतील लेखनिकांच्या वळणांत यू, व्ही, एन् आणि एम् हीं अक्षरें सारख्याच उभ्या दांड्यांनीं लिहिलीं जात. तीं शेजारीं आलीं म्हणजे वाचणाराची दिशाभूल होई. म्हणून अशा जागीं लेखनिक यूऐवजीं ओ लिहूं लागले, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. मुलगा या अर्थाचा ‘सन’ आणि येणें या अर्थाचा ‘कम’ यांतील ओची कुळकथा हीच. ‘मूव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ हे फ्रेंचमधून निराळ्या वाटेनें आले. म्हणजे डोळ्यांस दिसणारें हें साम्य बऱ्याच अंशीं बोरूच्या सोयीचें फळ आहे. त्यावरून कवीच्या कानाचा निवाडा कसा करावा?

शेक्सपिअरच्या कानाविषयीं साक्ष हवी असेल तर ती त्याच्या मित्राचीच आहे. बेन जॉन्सनच्या १६४० सालीं छापलेल्या इंग्रजी व्याकरणांत ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ हे दोन शब्द ओच्या एकाच ऱ्हस्व उच्चाराचीं उदाहरणें म्हणून शेजारीं शेजारीं दिले आहेत. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहानें २००४ सालीं डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाच्या साह्यानें ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा प्रयोग शेक्सपिअरकालीन उच्चारांत केला, हें यमक त्या काळीं जुळत असे असेंच क्रिस्टल यांचेंहि मत आहे. त्या काळीं एका शब्दाचे दोन-दोन उच्चार चालत, म्हणून शपथेवर निकाल कोणी देणार नाहीं. परंतु आमच्या विद्यार्थिनीनें ‘जुळत असावें’ एवढेंच म्हटलें होतें. शपथेवर निकाल दिला तो परीक्षकांनीं.

पुढें ‘लव्ह’चा स्वर बदलला, पण कवि जुन्या वहिवाटीनें ही जोडी चालवीत राहिले. १७७५ सालीं जॉन वॉकर यानें आपला यमककोश प्रसिद्ध केला. वॉकर हा उच्चाराचा कडक पंतोजी; तरी त्यानेंहि पूर्ण यमकें आणि चालण्याजोगीं यमकें असे दोन वर्ग केले आणि दुसऱ्या वर्गाला हांकलून लावलें नाहीं. आज तेच दोन वर्ग यंत्राच्या पडद्यावर क्षणांत उमटतात. यादी झटपट मिळाली, परंतु तिच्यांतला कोणता शब्द कां घ्यावा हें सांगणारें यंत्र अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमच्या लोकांचा या बाबतींतला हट्ट कोठून आला तेंहि सांगतों. आम्ही देवनागरीवर वाढलों. जसें लिहावें तसें बोलावें या सवयीमुळें अक्षर जुळलें कीं ध्वनि जुळला असें आम्हांस वाटतें, आणि इंग्रजींत तें खोटें ठरलें म्हणजे कवीनें फसविलें असें वाटतें. पण आमची लिपि तरी इतकी निर्दोष आहे काय? ‘पुस्तक वाचा’ यांतील ‘वाचा’ आणि ‘वाचा बसली’ यांतील ‘वाचा’ मोठ्यानें म्हणून पाहा. लिहिण्यांत काना-मात्रेचा फरक नाहीं. उच्चारांत एका ‘चा’ची जीभ दांतांशीं आहे, दुसऱ्याची टाळूशीं. हे दोन शब्द चरणांच्या अंतीं आले तर आमचे परीक्षक त्यांवर तांबडी रेघ ओढतात काय? आम्हीं तरी कधीं पाहिली नाहीं.

याहून मोठी गोष्ट ‘यमक’ या संज्ञेचीच आहे. संस्कृत साहित्यशास्त्रांत यमक म्हणजे तोच वर्णसमूह निराळ्या अर्थानें पुन्हां येणें. आपण आज चरणाच्या शेवटीं जें जुळवितों, तें विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’ंतील परिभाषेनें अन्त्यानुप्रास होय. मोरोपंतांची कीर्ति ज्या यमकांवर उभी आहे त्यांत अनेकदां अक्षरांचे गटच्या गट जसेच्या तसे फिरून येतात आणि अर्थ मात्र पालटतो. इंग्रजी नियमाप्रमाणें मागचें व्यंजनहि सारखें म्हणून हें यमकच नव्हे! उलट फ्रेंच लोक अशा जुळणीला ‘श्रीमंत यमक’ म्हणून मान देतात, आणि चॉसरनेंहि ती आनंदानें वापरली. जी वस्तु एका अंगणांत अलंकार, ती दुसऱ्यांत दोष. मग शुद्धतेचें हें सोंवळें देवानें नेसविलेलें आहे असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

येथें कोणी म्हणेल, “तुम्ही आळशी कवींना मोकळें रान देतां.” आक्षेप रास्त आहे आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे. ज्याला शब्द सांपडला नाहीं म्हणून जवळचा ध्वनि चिकटवून जो मोकळा झाला, त्याची बाजू आम्ही घेत नाहीं. परंतु आळस काय फक्त जवळच्या यमकांतच असतो? पोपनें १७११ सालच्या ‘एसे ऑन क्रिटिसिझम’मध्यें ज्यांची टवाळी केली ते कवि पूर्ण यमकवालेच होते : एका चरणांत झुळूक आली कीं पुढच्यांत झाडें येणारच, हें वाचकाला आधींच ठाऊक. जुळणी चोख आणि कविता निजलेली, असा तो प्रकार. आळशी माणूस पारव्याला पकडतो, कारण पारवा हाताशीं असतो.

खरा कवि अपुऱ्या जुळणीचें काय करतो तें पाहावयाचें असेल तर दोन उदाहरणें पुरेत. अमेरिकेंतील एमिली डिकिन्सन १८८६ सालीं वारली. १८९० सालीं तिच्या कविता प्रथम ग्रंथरूपानें निघाल्या तेव्हां संपादकांनीं तिचीं कांहीं यमकें आपल्या समजुतीप्रमाणें साफसूफ केलीं. त्यांचा हेतु वाईट नव्हता. वाचक दचकेल अशी त्यांना भीति होती. परंतु जेथें बाईला वाचकानें दचकावें असेंच हवें होतें, तेथेंच त्यांनीं गादी टाकली. १९५५ सालीं टॉमस जॉन्सन यानें तिच्या हस्तलिखितांवरून पाठ सिद्ध केला, तेव्हां तिचे खरे स्वर पुन्हां कानीं आले.

दुसरा विल्फ्रेड ओवेन. पहिल्या महायुद्धांतील हा पंचवीस वर्षांचा अधिकारी ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं मारला गेला. सात दिवसांनीं युद्ध थांबलें. ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेंत त्यानें मागचीं-पुढचीं व्यंजनें तींच ठेवून मधला स्वर बदलण्याची युक्ति आरंभापासून अखेरपर्यंत चालविली. मेलेला शत्रु मारणाराशीं बोलत आहे अशी ती कविता. तिच्यांत प्रत्येक जोडी जुळतां जुळतां राहते, आणि कान ज्या विसाव्याची वाट पाहतो तो त्याला मिळत नाहीं. ही कविता घोटीव यमकांत लिहिली असती तर ती खोटी झाली असती. तिला यमकदोष लावणारा परीक्षक रणांगणावरच्या माणसाला केस विंचरण्यास सांगत आहे.

आतां हीच रीत आपल्या शब्दाला लावून पाहूं. ‘लव्ह’मधला स्वर बदलला तर ‘लिव्ह’ म्हणजे जगणें आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणें हे शब्द हातीं येतात. शेवटचा ‘व्ह’ थोडा कठोर केला तर ‘एनफ’, म्हणजे पुरे, हा शब्द जवळ येतो. वहिवाटीनें ‘मूव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ होतेच : हालणें आणि कसोटीला उतरणें. वाचकांनीं दोन्ही याद्या शेजारीं मांडाव्यात. एका बाजूस पारवा, हातमोजा, वर आणि ढकलणें; दुसऱ्या बाजूस जगणें, सोडून जाणें, पुरे होणें, हालणें आणि कसोटीला उतरणें. माणसाच्या प्रेमाचा संसार कोणत्या यादींत आहे, हें सांगण्यास इंग्रजीची पदवी लागत नाहीं. सोंवळ्याच्या हट्टापायीं ही सगळी दुसरी यादी कवीच्या हातून काढून घ्यावयाची, आणि वर त्याची कविता पोकळ झाली म्हणून रडावयाचें, हा कोठला न्याय?

परीक्षकांस आमची विनंति एवढीच आहे. यमक जुळत नाहीं असें दिसलें तर प्रथम तें मोठ्यानें वाचावें. मग तें कवीच्या काळीं कसें वाचीत असतील याचा शोध घ्यावा. तरीहि जुळलें नाहीं तर कवितेच्या आशयाला ती न जुळणी हवी होती काय, असें विचारावें. या तीनहि प्रश्नांचें उत्तर कवीच्या विरुद्ध गेलें तर खुशाल तांबडी रेघ ओढावी. आम्ही शाई पुरवूं.

त्या विद्यार्थिनीस आम्हीं तें सुनीत मोठ्यानें वाचावयास सांगितलें. प्रथम तिनें आजच्या उच्चारानें वाचलें, मग दोन्ही शब्दांत एकच ऱ्हस्व स्वर घेऊन वाचलें. शेवटचा चरण संपल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, आतां दार नीट लागलें.” हें वाक्य तिनें उत्तरपत्रिकेंत लिहिलें असतें तर आणखी दोन गुण गेले असते, असा आम्हांस संशय आहे. पण कविता तिच्या कानांत शिरली होती, आणि ती काढून घेण्याचा अधिकार कोणत्याहि परीक्षकास नाहीं.